अठराव्या मजल्यावरचा तांदूळ

आमच्या अनमला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नोकरी लागली त्या दिवशी मी पेढे आणले आणि दुसऱ्या दिवसापासून माझं वजन उतरायला लागलं. नोकरी लॅबमधली, पाळ्यांची, आणि ऑक्टोबरच्या एक तारखेला हजर व्हायचं. सकाळची पाळी सहाला सुरू. खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून सकाळी सहाला मुंबईत पोहोचायचं तर आदल्या दिवशीच निघायला हवं. तेव्हा मुंबईत घर भाड्यानं घ्यायचं, तिथं अनम आणि तिची आई लुबना राहतील, मी सुट्टीला जाईन आणि गावातलं घर माझी अम्मी सांभाळेल, असं ठरलं. ठरवायला अर्धा तास लागला. आमच्या घरात अर्ध्या तासात ठरलेली कुठलीही गोष्ट आजवर नीट पार पडलेली नाही, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

मी अब्रार. तालुक्याच्या एका कचेरीत तेवीस वर्षं कारकून आहे. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, कारण तिथं अजून सात वर्षं काढायची आहेत. माणसाला 'उद्या या' म्हणण्याचे निदान नऊ प्रकार मला येतात आणि त्यातल्या सहांमध्ये माणूस उलट माझेच आभार मानून जातो. म्हणजे कागद, अर्ज, नियम, दाखला यांना मी घाबरणारा नाही. घर भाड्यानं घेणं म्हणजे शेवटी कागदच की, असं मी लुबनाला म्हणालो. लुबना काही बोलली नाही. माझ्या बायकोचं न बोलणं बहुतेक वेळा खरं ठरतं.

ब्रोकरनं पहिलं घर दाखवलं. जुनी इमारत होती पण हवेशीर होती. त्यानं तिथूनच मालकाला फोन लावला. "छोटी फॅमिली आहे सर. सरकारी नोकरी. मुलगी हॉस्पिटलमध्ये." पलीकडून मालक खूश असल्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. मग मालकानं नाव विचारलं असावं, कारण ब्रोकर माझ्यापासून चार पावलं लांब गेला. परत आला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, थोडा घोळ झाला. मालकांचे मेहुणे राहायला येतायत."

दुसऱ्या घरी सगळं ठरलं, चहासुद्धा झाला, आणि तिथंही मेहुणे आले. तिसऱ्या घरी मी नाव सांगितलं आणि मालक तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "मेहुणे?" तो म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?" मुंबईत घरांचा एवढा तुटवडा का, याचा उलगडा मला तेव्हा झाला. सगळी घरं मेहुण्यांनी अडवून ठेवली आहेत.

हा विनोद मी घरी येऊन केला. लुबना हसली नाही. मीही तो करून झाल्यावर मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसलो. वाईट वाटलं, उगाच कशाला लपवायचं. अनमला आम्ही मेहुण्यांचं काही सांगितलं नाही, घरं लहान होती एवढंच सांगितलं. अम्मीला सांगायची गरजच पडली नाही. तिनं माझं तोंड बघितलं आणि जेवायला वाढलं.

आता गावात एखाद्याचं काम अडलं की सल्ल्याला तोटा नसतो. शेजारचे विठूकाका रसायनीच्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम करून निवृत्त झालेले. त्यांना कुठल्याही गोष्टीत आधी बाहेर पडायची वाट दिसते. ते म्हणाले, "पयलं पानी बघ. मंग लिफ्ट बघ. मंग आग लागली तर जिना कुटं ते बघ. मानसं मागून बघ." माझा मामेभाऊ अली, त्याचं कर्जतला हार्डवेअरचं दुकान आहे, तो म्हणाला, "एकदम नवीन बिल्डिंग बघ रं. जिथं अजून कोनाची कोनाशी वळख नाय, तिथं नाव ठेवायला पन कोन नाय. आनी फाईल कर. सगळे कागद एका फाईलीत. कोनी काय विचारलं की कागद तोंडावर मारायचा."

फाईल हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगात बळ आलं. तीन दिवसांत मी एक्केचाळीस कागदांची फाईल तयार केली. आधार, पॅन, पगाराची स्लिप, पोलीस पाटलाचा दाखला इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे मी आजोबांच्या पोस्टातल्या नेमणुकीचा कागद लावला, अनमचं वक्तृत्व स्पर्धेचं प्रशस्तिपत्रक लावलं आणि रक्तदान शिबिरातला माझा फोटोही लावला. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत, पण रक्ताची पिशवी स्पष्ट दिसते.

चौथ्या खेपेला ब्रोकरनं अल्तुरा नावाचा टॉवर दाखवला. बत्तीस मजले, नुकतेच बांधून झालेले. निम्म्या घरांत अजून कोणी राहायला आलं नव्हतं. अठराव्या मजल्यावरच्या घराचे मालक मस्कतला असतात असं तो म्हणाला. मी पहिला प्रश्न विचारला, "त्यांना मेहुणे किती?" ब्रोकर बिचारा प्रामाणिकपणे आठवत राहिला. म्हणाला, "एक पण नाही सर. बहीण नाही, आणि मॅडम पण एकुलत्या आहेत." मी जागच्या जागी घर पसंत केलं.

तरी विठूकाकांचा मान राखायचा म्हणून गावाहून बालदी नेली होती. ती नळाखाली ठेवून घड्याळ लावलं. आधी नळातून नुसती हवा आली, मग लाल पाणी, मग एक सिमेंटचा खडा, मग पाणी. बालदी चार मिनिटांत भरली. घराला रंगाचा वास होता, दारांच्या मुठींवर प्लॅस्टिक तसंच होतं आणि न्हाणीघरातल्या एका चावीनं डोक्यावरचा फवारा सुरू होऊन ब्रोकरचा शर्ट भिजला. लुबना मात्र या कशाकडे बघत नव्हती. ती खिडकीशी उभी होती. "ते बघा," ती म्हणाली. समोर इस्पितळाची निळी पाटी दिसत होती. "चालत बारा मिनिटं. पाळी सुटली की इथून दिसेल ती येताना." तिचा आवाज मला निराळा वाटला. त्या क्षणी हे घर आपल्याला मिळालंच पाहिजे, नाहीतर पोरीला नोकरी सोडायला लावावी लागेल, हे माझ्या छातीत घट्ट बसलं.

आता करार. भाडेकराराला हल्ली अंगठा यंत्रावर उठवावा लागतो. एजंटच्या पोऱ्यानं यंत्र पुढे केलं, मी अंगठा ठेवला, यंत्रानं लाल दिवा दाखवला. उजवा, डावा, पुसून, फुंकून, दाबून, हलक्या हातानं. यंत्र काही मला ओळखायला तयार नाही. शेवटी पोऱ्या म्हणाला, "अंकल, कल आइए. साबुन से धो के."

मी तेवीस वर्षं हेच वाक्य मराठीतून म्हणत आलो आहे! दोन वर्षांपूर्वी आमच्या डोंगराखालच्या वाडीवरचा कमळ्या एका दाखल्यासाठी आला होता. तो आणि त्याची बायको कोंडी आमची शेतीही अर्धेलीनं, निम्म्या पिकावर, करतात, म्हणजे घरचाच माणूस. त्याचा अंगठा उठेना. त्याला मी तीन वेळा साबणानं धुऊन यायला सांगितलं होतं. वाडी ते कचेरी त्याला अर्धा दिवस लागतो. तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नव्हतं, उलट मी शेजारच्या टेबलाला डोळा मारला होता. आता मुंबईत एजंटच्या त्या गाळ्यात उभा राहून मला त्याची फार लाज वाटली.

घरी आलो तर कमळ्या अंगणातच होता. मी हळूच विचारलं, "कमळ्या, तुझा अंगठा मग उठला कसा रं?" त्यानं हसायला हवं होतं, पण तो हसला नाही. गंभीरपणे म्हणाला, "खोबऱ्याचं त्याल चोळायचं, दोन दिस. कामाला हात लावायचा नाय. मंग फडक्यानी पुसायचा आनी लगीच ठेवायचा." मग थोडा थांबून म्हणाला, "साबनानी नाय उठत. साबनानी आनखी जातो." मी दोन दिवस तेल चोळलं आणि तिसऱ्या दिवशी यंत्राचा हिरवा दिवा लागला. पुढच्याच सोमवारी मी कचेरीतल्या त्या यंत्राशेजारी खोबरेल तेलाची बाटली ठेवली. साहेबांनी विचारलं तर केसांसाठी आहे असं सांगतो. माझ्या डोक्यावर केस नाहीत, पण साहेबांचं लक्ष कुठे असतं.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग अम्मीनं तांदळाचा विषय काढला.

आमच्याकडे वर्षाचा तांदूळ घरात असतो. सुगी झाली की भरडून, उन्हं दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून तो पत्र्याच्या पिंपात भरतात, आणि दुकानातून तांदूळ आणणाऱ्या घराकडे लोक काळजीनं बघतात. अम्मीनं, तिचं नाव कमरजहाँ, पण गावात ती सगळ्यांचीच अम्मी, तिनं जाहीर केलं की पोरगी मुंबईला जाणार तर वर्षाचा तांदूळ घेऊन जाणार.

"अम्मी, मुंबईत पावलापावलाला तांदूळ मिळतो."

"मिलतो ना. इकतचा. पॉलिश केलेला. तो खाऊन पोरीच्या हाडांत काय जोर येनार? आनी नव्या घरात तांदूळ नाय न्यायचा, तर काय रिकाम्या हातानी जायचं?"

नवा भात अजून शेतात उभा होता, म्हणून गेल्या सालचा तांदूळ निघाला. जुना तांदूळ चांगला फुगतो, मोकळा होतो, शिवाय तो अम्मीच्या हातचा. चार गोण्या भरल्या. कमळ्या आणि कोंडीनं त्या शिवल्या. प्रत्येक गोणीत अम्मीनं पाल्याच्या मुठी मारल्या होत्या.

आणि इथं मी एक गोष्ट केली. ती आजवर कोणाला सांगितलेली नाही. अम्मी नमाजाला गेल्यावर मी चारही गोण्यांची तोंडं उसवली, पाला काढून गोठ्यामागे टाकला आणि तोंडं पुन्हा शिवली. का? तर बत्तीस मजल्यांच्या टॉवरमध्ये तांदूळ घेऊन जायचं एक वेळ चालेल, पण तांदळात पाला दिसला तर लोक काय म्हणतील! मेहुण्यांनी माझा आत्मविश्वास इतका खाल्ला होता की मला आता पाल्याचीही लाज वाटायला लागली होती.

सामान दत्ताच्या टेंपोतून निघालं. दत्ता आमच्याच गावचा, टेंपोवर जीव टाकणारा माणूस. टॉवरच्या गेटवर पहारेकऱ्यानं मोबाइल काढला. सामान आत घ्यायचं तर आधी ॲपवर वेळ घ्यावी लागते, आणि सामानाचा प्रकार निवडावा लागतो. फर्निचर होतं, विजेची उपकरणं होती, कुंड्या होत्या, पियानोसुद्धा होता. तांदूळ नव्हता. पहारेकऱ्यानं बराच वेळ बोट वरखाली केलं आणि 'व्यापारी माल' हा प्रकार दाबला. ॲपनं विचारलं, दुकानाचा परवाना आहे का.

"आवो, खायाचा तांदूळ हाय," दत्ता म्हणाला.

"चार गोणी?" पहारेकरी म्हणाला. "किती माणसं?"

"दोन," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी फाईल उघडून त्याला पोलीस पाटलाचा दाखला दाखवला. दीड तास गेला. शेवटी तांदूळ 'कुंड्या' या प्रकारात आत गेला.

सामानाची लिफ्ट अजून बिल्डरनं ताब्यात दिलेली नव्हती, म्हणून माणसांच्या लिफ्टमधून सगळं न्यायचं होतं. ती लिफ्ट इंग्रजीत बोलायची. एका बाईचा फार मऊ आवाज होता. दत्ता गोणी खांद्यावरून आत ठेवत होता आणि बाई म्हणाली दार बंद होत आहे. "ओ बाई, थांबा की जरा," दत्ता म्हणाला. बाई थांबली नाही. दार गोणीवर आपटलं, उघडलं, पुन्हा आपटलं, आणि गोणी कुशीत फाटली. तांदूळ भसाभस लिफ्टमध्ये सांडला आणि दाराच्या खाचेत जाऊन बसला. आता दार पूर्ण मिटेना, आणि मिटल्याशिवाय लिफ्ट हलेना. दत्ता, लुबना आणि मी तिघं गुडघ्यांवर बसून खाचेतला एकेक दाणा काढत होतो, लुबनाच्या केसांतल्या पिनेनं. बाई दर दहा सेकंदांनी आम्हाला दारापासून दूर राहायची विनंती करत होती. मजल्यामजल्यावर लोक बटणं दाबत होते. ओठांवर लिपस्टिक लावलेल्या एका आजीबाई जिन्यानं सहा मजले उतरून आल्या आणि आमच्या डोक्यांवरून बघत म्हणाल्या, "काही हरवलंय का?" माझी अब्रू, असं मी म्हणणार होतो, पण म्हणालो, "तांदूळ."

तरी लिफ्ट चालू झाली, घर लागलं. अनम एक तारखेला पहाटे चालत ड्युटीवर गेली आणि लुबनानं तिला खिडकीतून रस्ता ओलांडेपर्यंत बघितलं. मी गावी परतलो. पहिल्यांदा निवांत झोपलो. निवांतपणा गुरुवारपर्यंत टिकला.

गुरुवारी लुबनाचा फोन आला. दाराखालून एक पत्र आलं होतं. सोसायटी रीतसर स्थापन व्हायला अजून अवकाश होता, पण कमिटी आधीच झाली होती. पत्र असं: 'विषय: फ्लॅट क्र. १८०४ बाबत रहिवाशांची हरकत. रविवारी सकाळी अकरा वाजता क्लब हाउसमध्ये समक्ष हजर राहून खुलासा करावा.' खाली सही.

मी अशी पत्रं तेवीस वर्षं लिहितो आहे. कशाबद्दलची हरकत हे ज्या पत्रात लिहिलेलं नसतं, त्यात काहीतरी लिहायला अवघड असतं. पुढचं मला कोणी सांगायची गरज नव्हती. मेहुणे अठराव्या मजल्यापर्यंत पोहोचले होते.

अनमचा चौथा दिवस होता. फोनवर ती सांगत होती की तिला सीनियर बाईंनी एकटीला यंत्र हाताळायला दिलं, आणि मी हूं हूं करत होतो. अली म्हणाला, "जाऊ नको. पेपरवाल्याला घेऊन जा." म्हणजे नक्की काय करू ते कळलं नाही. विठूकाका पहिल्यांदाच काही सल्ला न देता माझ्याजवळ ओट्यावर बसून राहिले, आणि जाताना म्हणाले, "मी येऊ का संगं? मी सेफ्टीवाला हाय." माझे डोळे भरून आले. शनिवारी अम्मीनं रोजा धरला.

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि फाईल घेऊन क्लब हाउसमध्ये गेलो. लुबनाला वरच थांबायला सांगितलं होतं. कमिटीला अजून टेबल मिळालं नव्हतं, म्हणून ते टेबल टेनिसच्या टेबलाशी बसले होते आणि जाळी काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. जाळीच्या पलीकडे तिघं. मधोमध कानाला यंत्र लावलेले वृद्ध अध्यक्ष, डावीकडे लॅपटॉप घेतलेला तरुण खजिनदार आणि उजवीकडे सेक्रेटरीबाई. चष्मा नाकावर, समोर वही. जाळीच्या अलीकडे मी एकटा.

सेक्रेटरीबाईंनी घसा साफ केला. "अब्रारजी, विषय जरा नाजूक आहे. तुमच्या भावना दुखवायचा कोणाचाही हेतू नाही."

बस्स. एवढं वाक्य मी कुठल्याही भाषेत, कुठल्याही मेहुण्याच्या तोंडून ओळखलं असतं. मी उभा राहिलो. "मॅडम, आधी मी बोलतो," मी म्हणालो, "नंतर तुम्ही काय ते ठरवा."

आणि बोललो. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी दुसऱ्याच मिनिटाला भाषण विसरलो होतो. त्या दिवशी अकरा मिनिटं विसरलो नाही. सांगितलं की माझ्या आजोबांनी एकतीस वर्षं तालुक्यातल्या घरोघरी टपाल नेलं आणि कोणाच्याही दारातून त्यांना कोणी पाण्याशिवाय परत पाठवलं नाही. सांगितलं की आमच्या गावच्या शाळेची एक खोली माझ्या पणजोबांच्या जागेत आहे, तिथं त्यांच्या नावाची पाटी आहे आणि त्या पाटीला शेळ्या अंग घासतात. शेळ्यांचं सांगायची गरज नव्हती, ते ओघात आलं. एकेक कागद काढून मी जाळीवरून पलीकडे टाकत होतो आणि खजिनदार तो झेलत होता. "माझी मुलगी लॅबमध्ये आहे," मी म्हणालो. "उद्या तुमच्यापैकी कोणाचं रक्त तिच्यापुढं आलं, तर ती गट बघेल, आडनाव बघणार नाही. तिला इथून काढायचं असेल तर काढा. पण कारण स्पष्ट लिहून द्या. मेहुणे येतायत असं लिहू नका." शेवटी मी रक्तदानाचा फोटो टाकला आणि खाली बसलो.

अध्यक्षांनी कानातलं यंत्र काढून हातात घेतलं, त्याकडे बघितलं आणि पुन्हा बसवलं. सेक्रेटरीबाईंनी पर्समधून बडीशेपेची एक छोटी पारदर्शक डबी काढली आणि जाळीखालून हळूच माझ्याकडे सरकवली.

"हे तुमचे का?" त्यांनी विचारलं.

डबीत तांदळातले टोके होते. पाच-सहा. एक डबीच्या कडेनं वर चढत होता.

"लिफ्टमध्ये आहेत," त्या म्हणाल्या. "सतराव्या मजल्यावर आहेत. माझ्या पोह्यांत आहेत. पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला, हे तांदळातून येतात, आणि गेटवर कळलं की तुमच्याकडे... कुंड्या आल्यात. चार. कोणाच्या घरच्या धान्यात किडे आहेत असं पत्रात कसं लिहायचं? बरं नाही दिसत ते. म्हणून तुम्हाला समक्ष बोलावलं."

मी त्या डबीकडे बघत राहिलो. किडे. नुसते किडे! माझ्या पोटातून एक हसू वर यायला लागलं आणि ते मला आवरेना. मी हसलो, मग डोळ्यांतून पाणी आलं, मग पुन्हा हसलो. खजिनदारानं घाबरून आपली पाण्याची बाटली जाळीवरून माझ्याकडे टाकली.

"पण तुम्हाला वाटलं काय?" अध्यक्ष मोठ्यानं म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच कळलं असावं. त्यांनी मान खाली घातली. खजिनदार एक्केचाळीस कागद क्रमानं लावत होता, फार हळूहळू.

सेक्रेटरीबाईंनी चष्मा काढून पुसला. "अब्रारजी," त्या म्हणाल्या, "तसली हरकत घेऊन कोणी आमच्याकडे आलं असतं, तर आज या बाजूला तुम्हाला बोलावलं नसतं. त्याला बोलावलं असतं." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर ठेवला आणि आवाज कडक केला. "पण तांदळाचं काय करणार आहात?"

गच्चीवर चादरी पसरून दोन दिवस ऑक्टोबरचं ऊन दाखवायचं, असं ठरलं. गच्चीची चावी मिळायला लेखी अर्ज हवा होता. मी म्हणालो, एक नाही, तीन प्रतींत देतो.

तेवढ्यात फोन वाजला. अम्मी. ती सकाळपासून जानमाजवरून, नमाजाच्या सतरंजीवरून, उठली नसणार, मला माहीत होतं.

"काय बोलले रं?" तिचा आवाज अगदी बारीक होता.

"तांदळात टोके झालेत म्हणाले."

"आनी?"

"आणि काही नाही, अम्मी."

"नावाबद्दल?"

"काही नाही. फक्त टोके."

मग मला तिचं "अल्हम्दुलिल्लाह" ऐकू आलं, आणि मागून विठूकाकांचा मोठ्यानं सोडलेला सुस्कारा. म्हणजे तेही तिथंच बसले होते. अम्मी रडत होती, पण बऱ्या वाटण्याचं रडणं होतं ते. मीही डोळे पुसले. जाळीपलीकडचे तिघंही विनाकारण इकडेतिकडे बघत होते.

मग फोनमधलं रडणं थांबलं.

"काय बोलला तू?" अम्मी म्हणाली. "कुनाच्या तांदळात टोके?"

"आपल्या."

"माज्या तांदळात? चारी गोन्यांत मुठीमुठीनी पाला घातलाय मी! त्या बाईला दे फोन."

मी फोन जाळीखालून सेक्रेटरीबाईंकडे सरकवला आणि पाल्याचा विषय माझ्यापर्यंत यायच्या आत खाली मान घालून अर्ज लिहायला घेतला.